अठ्ठावीस इंच

सिल्व्हेस्टर ब्रुन्स हा दोनशे नव्वद पौंडांचा माणूस होता. हे मी ऐकीव सांगत नाही. चाळीस वर्षं त्याच्या गाडीचे कमानपाटे, मागच्या चाकांवर गाडी तोलणारे ते पोलादी पट्ट्यांचे जुडगे, माझ्या हाताखालून गेले, त्यांनीच मला सांगितलं. चालकाच्या बाजूचे पाटे कायम जरा जास्त बसलेले असायचे, म्हणून त्या बाजूला मी एक जादा पट्टी घालत असे. "ही सिलची पट्टी," मी म्हणायचो. तो खो खो हसायचा आणि दुकानाचे पत्रे थरथरायचे. आवाजही त्याचा तसाच होता, वजनदार.

मी व्हर्नन केम्पर. ओहायोच्या पश्चिम कडेला, मका आणि दुभत्या गायींच्या मुलखात, माझ्या वडिलांनी काढलेलं पाट्यांचं दुकान मी अजून चालवतो. धान्याचे ट्रक, शेतावरचे गाडे, जे जे म्हणून बसतं, कलतं, वाकतं ते आमच्याकडे येतं. सिलबद्दल लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. चर्चच्या पत्रकात त्याच्यावर आठ ओळी आल्या, त्यात तो 'कुटुंबवत्सल आणि कष्टाळू' होता असं छापलं होतं. मेल्यावर आमच्या गावात सगळेच तसे होतात. शिवाय त्याच्या शेवटच्या प्रवासात माझ्या हातून जे झालं ते सगळ्या गावाने पाहिलं आहे. ते का झालं हे माझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

एकाहत्तर साली तो पंचवीस वर्षांचा होता. लष्करातली सक्तीची दोन वर्षं संपवून आला होता आणि त्याच्या डोक्यात दांडग्या इंजिनाच्या मसल कारशिवाय दुसरं काही नव्हतं. त्या काळी आमच्याकडे सगळ्याच पोरांच्या डोक्यात तेच होतं. आडवा आला तो त्याचा बाप. म्हातारा अलॉइस ब्रुन्स सरळ म्हणाला, "जिच्यात पेंडीची पोती मावत नाहीत, ती गाडी माझ्या अंगणात उभी राहणार नाही." सिलने महिनाभर तोंड पाडलं आणि मग एक दिवस रँचेरो घेऊन आला. पुढून मसल कार, सात लिटरचं इंजिन, आणि पाठीमागे सीटच्या जागी उघडा हौदा. बापाचंही ऐकलं आणि स्वतःचंही केलं. गावातली पोरं मात्र त्याला पुढे कितीतरी वर्षं विचारायची, "काय रे सिल, आज मोटार आहे की टेम्पो?"

बापाने दुसऱ्याच दिवशी हौद्यात बारा पोती भरली. सिल ती गाडी घेऊन आमच्या दारात आला तेव्हा तिचं शेपूट रस्त्याला टेकलं होतं आणि नाक आभाळात होतं. माझे वडील दारात उभे होते. त्यांनी तोंडातला पाइप काढला.

"काय रे, विमान उडवतोस का?"

"मागून वर करायचीय," सिल म्हणाला. तो लाजेने लाल झाला होता. "लांब शॅकल लावून द्या. सगळे लावतात."

"सगळे गाढव आहेत. पाटा तोच मेलेला, आणि त्याला टांगायची कडी तेवढी लांब करायची. म्हणजे पायात ताकद नाही तर उंच टाचांचे बूट घाल. वळणावर गेलास की गाडी कुल्ले हलवायला लागेल. उतर खाली."

त्या दिवशी वडिलांनी पाटे उतरवले, एकेक पट्टी सुटी केली, प्रत्येक पट्टीवर इंचाइंचाला खडूच्या रेघा ओढल्या, आणि घण माझ्या हातात दिला. पाटा गार असतानाच ठोकायचा असतो. तापवला की वाकतो लवकर, पण त्याचं पाणी उतरतं आणि महिनाभरात तो पुन्हा सपाट होतो. रेघेवर एक घाव, मग पुढच्या रेघेवर एक, आणि मधूनमधून कमान ताडून बघायची. संध्याकाळपर्यंत मी घाव घातले आणि सिल समोर ओणवा बसून बघत राहिला. पाटे चढवले, गाडी जमिनीवर सोडली, आणि वडिलांनी मागच्या मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावला. अठ्ठावीस इंच. पुढे पंचवीस. गाडी अशी उभी होती की जणू आत्ता निघणार.

"हीच," सिल म्हणाला. "हीच उंची." तेव्हापासून आमची दोस्ती.

मधल्या काळात त्याने फक्त एकदा माझ्याशी प्रतारणा केली. सत्याहत्तर साली हवेवर चालणारे शॉक ॲब्सॉर्बर आले. पेट्रोल पंपावर जायचं, हवा भरायची, गाडी मागून वर. सिलला मोह आवरला नाही आणि त्याने मला न सांगता ते बसवून घेतले. पुढच्या जानेवारीत ते मोठं हिमवादळ झालं आणि त्याच आठवड्यात म्हातारा अलॉइस गेला. ब्रुन्सांच्या शेतापर्यंत शववाहिका पोचेना, म्हणून बापाची शवपेटी सिलने रँचेरोत ठेवली. चाकं घसरू नयेत म्हणून शेजारी चार पोती टाकली. गारठ्याने हवेची नळी तडकली, आणि चर्च दिसायला लागलं तेव्हा गाडीचं बूड रस्त्याला टेकलेलं होतं. मैलभर सायलेन्सर घासत आला. चर्चच्या घंटा वाजत होत्या, पण लोकांना ऐकू येत होती ती खरखर. कुणीतरी हसलंसुद्धा.

आठवड्याने सिल दुकानात आला आणि ते शॉक ॲब्सॉर्बर माझ्या भंगाराच्या पिंपात टाकून म्हणाला, "बापाला मी रस्त्यावरून फरफटत नेला, व्हर्न." मी त्याला खूप समजावलं. त्याने ते मनातून काढलं नाही.

बाकी त्याचं आयुष्य म्हणजे दुधाचा टँकर. सदतीस वर्षं तो शेताशेतावर जाऊन दूध गोळा करत होता. टाकीतलं दूध ओढून घ्यायला दहा मिनिटं लागतात. सिल अर्धा तास थांबायचा. आमच्याकडे एकटे राहणारे म्हातारे शेतकरी बरेच. लग्न न केलेले भाऊ, बायको गेलेले, मुलं शहरात असलेले. दर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात येणारा माणूस म्हणजे सिल. तो गोठ्याच्या दारात टेकून उभा राहायचा, गायीची चौकशी करायचा, गुडघ्याची करायचा, मग निघायचा. डेअरीतला साहेब घड्याळ दाखवून तणतणायचा. एकदा हर्मन नावाचा म्हातारा गोठ्यात दिसला नाही म्हणून सिल सरळ घरात शिरला, तर तो जिन्याखाली मोडलेल्या खुब्यानिशी पडलेला. दुसऱ्या दिवसापासून साहेबाने घड्याळ दाखवणं बंद केलं. माणसं बघायला जाणं हेच सिलचं खरं काम होतं, असं मला आता वाटतं. दूध तर काय, कुणीही नेलं असतं.

लग्न त्याने इमेल्डाशी केलं. ती एवढीशी, त्याच्या दंडाच्या मागे लपेल अशी. पण घरात शब्द चालायचा तिचा. त्यांना एकच मुलगी, रोजान. ती गाडी शिकली ती रँचेरोवर, आणि पहिल्याच दिवशी तिने आमच्या दारातला पत्रपेटीचा खांब पाडला. मला ती 'अंकल व्हर्न' म्हणते. मला स्वतःचं मूलबाळ नाही.

दोन हजार नऊच्या ऑगस्टमध्ये सिल रँचेरो घेऊन दुकानात आला. मागोमाग इमेल्डा दुसरी गाडी घेऊन आली, पण उतरली नाही, आतच बसून राहिली. सिल बाकावर बसला. शर्ट थोडा सैल दिसत होता, एवढंच.

"माझ्या पोटात निघालंय, व्हर्न. पसरलंय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, यंदा नाताळचं झाड आणायची घाई करू नका."

मी हसलो नाही. तो हसला. मग खिशातून रुमाल काढून त्याने तोंड पुसलं.

"ऐक. त्या काळ्या गाडीतून मी जाणार नाही. मागून लोंबलेली असते ती. मी माझ्या गाडीतून जाणार. रोजान चालवेल. पण मी हौद्यात आडवा झाल्यावर मागची उंची अठ्ठावीस इंच पाहिजे. साडेसत्तावीस चालणार नाही."

"आणि साडेअठ्ठावीस?"

"तीही नाही. बुडाखाली कुणी फटाका लावल्यासारखी गाडी घेऊन मला चर्चला जायचं नाही. बापाच्या वेळी लोक हसले. माझ्या वेळी नको."

"तुझ्या मापाची पेटी तरी मिळणार आहे का? दोन जोडाव्या लागतील."

"म्हणून तर तुझ्याकडे आलोय. नाहीतर काय, कुणीही केलं असतं."

त्याने हात पुढे केला. मी शब्द दिला. त्याचा पंजा तेव्हाही माझ्या दुप्पट होता.

आता मी जे सांगणार आहे ते मला कबुलीच्या खोलीत फादरलाही धड सांगता आलेलं नाही. ते काम दोन दिवसांचं होतं. मी ते आठ आठवडे पुरवलं.

पाटे उतरवले, पट्ट्या सुट्या केल्या, गंज खरवडला. नवे रबरी बुश मागवले, मग ते पसंत पडले नाहीत म्हणून परत पाठवले. पाटे आसाला आवळणारे यू-बोल्ट रंगवले. रंग नीट वाळला नाही म्हणून पुन्हा खरवडले. प्रत्येक पट्टीला मी गार कमान दिली, जुन्या पद्धतीने, खडूच्या रेघा ओढून. पट्ट्या दाबून वाकवायचा प्रेस आहे माझ्याकडे, पण मी घण घेतला. चौसष्टाव्या वर्षी घण मारला की रात्री खांदा झोपू देत नाही, आणि मला ते बरं वाटायचं. मी काहीतरी करतो आहे असं वाटायचं.

फोन यायचे. सिलचा आवाज होता तसाच होता, फोन कानापासून लांब धरावा लागायचा.

"काय रे कासवा, कुठवर आलं?"

"मुख्य पट्टी झाली. दुसरीची कमान बघतोय."

"मी घाईत आहे हे तुला माहीत आहे ना?"

"गप रे. जेवतोस का नीट?"

"बायको सूप पाजते. सूप हे काय जेवण आहे का? तू येतोस कधी?"

"हे चढवलं की येतो."

"बरं. चांगलं चढव."

मी त्या आवाजावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला ठेवायचाच होता. सप्टेंबरच्या शेवटी इमेल्डाने स्वतः फोन केला. ती एरवी कुणाला काही मागणारी बाई नव्हे.

"व्हर्न, एकदा येऊन जा ना."

"पाटे होत आलेत, इमेल्डा. झाले की गाडी घेऊनच येतो, म्हणजे त्याला खिडकीतून दिसेल."

ती म्हणाली, "ठीक आहे," आणि फोन ठेवला.

मी भ्यालो होतो. माझे वडील असेच गेले, पोटाच्या दुखण्याने, आणि शेवटी शेवटी मला ते ओळखू येत नव्हते. सिलला तसं बघायची माझी छाती झाली नाही. याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी पाटे चढवले आणि वजनाचा हिशेब मांडला. सिल दोनशे नव्वद. त्याच्या मापाची रुंद लोखंडी पेटी तीनशेच्या वर. म्हणजे सहाशे पौंड धरून चालायचं. पन्नास पौंडांची बारा पोती वासरांची पेंड मी गिरणीतून आणली आणि हौद्यात पेटीच्या आकाराने रचली, डोक्याकडे जड, पायाकडे हलकी. टेप लावला. पावणेअठ्ठावीस. एक पट्टी पुन्हा काढून पाव इंचाची कमान दिली, पुन्हा चढवली, पुन्हा पोती रचली. अठ्ठावीस. डावीकडे अठ्ठावीस, उजवीकडे अठ्ठावीस. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतके सुरेख पाटे बांधलेले नाहीत. पोती उतरवल्यावर गाडीचं शेपूट भलतंच वर गेलं, पण ते जाणारच होतं.

मी त्याला सोमवारी फोन करणार होतो. रविवारी पहाटे तो गेला.

आमच्याकडे आदल्या संध्याकाळी लोक दर्शनाला जातात, घरच्यांचा हात हातात घेतात. मी तिथेही गेलो नाही. गाडी धुवायची आहे असा निरोप पाठवला, आणि गाडी खरोखरच धुतली, दोनदा. पेटीचं झाकण बंदच होतं, असं नंतर कळलं. सिलनेच तसं सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूट चढवला, टेप खिशात टाकला, आणि रँचेरो चर्चच्या पायऱ्यांपुढे नेऊन उभी केली. अंत्यविधीचं काम बघणारा डग्लस हार्टिंग हा नीटनेटका तरुण माणूस. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"मिस्टर केम्पर, रागावू नका, पण गाडी मागून फारच वर नाही का दिसत?"

"तुम्ही पेटी ठेवा. मग बोला."

"तुम्ही मापं घेतली असतीलच."

"डग्लस, तुमच्या जन्माच्या आधीपासून मी या गाडीची मापं घेतोय."

तो बिचारा बाजूला झाला. त्याने तेव्हा मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होतो. पण त्याच्यावर कशाला ढकलू? एक फोन मलाही करता आला असता. पेटी केवढी आहे, एवढंच विचारायचं होतं.

प्रार्थनेच्या वेळी मी शेवटच्या बाकावर बसलो. पुढे पेटीवर पांढरं वस्त्र घातलेलं होतं, त्यामुळे काही कळलं नाही. मग घंटा वाजल्या, दारं उघडली, आणि दूध डेअरीतले सहा जण पेटी घेऊन पायऱ्या उतरायला लागले. मी गाडीजवळ उभा होतो, फाळका खाली पाडून. पेटी लाकडाची होती. साधी, नेहमीच्या मापाची. आणि ते सहा जण ती फार सहज आणत होते. सिलला उचलताना तोंडं लाल व्हायला हवी होती, पाऊल जपून पडायला हवं होतं. त्यांतला एक तर दुसऱ्या हाताने टोपी सांभाळत होता.

त्यांनी पेटी हौद्यात सरकवली. मी पाट्यांकडे बघत होतो. पाटे जरासे खाली आले आणि थांबले. मी वाट बघितली. ते आणखी खाली येईनात.

मी टेप काढला. सूट घातलेला माणूस चर्चच्या दारात गुडघ्यावर बसून मडगार्डला टेप लावतो आहे हे दोनशे लोकांनी पाहिलं. साडेएकोणतीस. मी पुन्हा लावला. साडेएकोणतीस. दीड इंच. गाडीचं शेपूट वर, नाक खाली, आणि पेटी हौद्यात पुढच्या बाजूला कललेली. लोकांत कुणी हसलं नाही. हसले असते तर मला सोसलं असतं. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. गावातला प्रत्येक माणूस त्या घरी एकदा तरी जाऊन आला होता. वाण्यापासून डेअरीच्या साहेबापर्यंत सगळ्यांनी सिलला पाहिलं होतं आणि त्याचं काय उरलंय ते त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. आणि मी त्याचा सगळ्यात जवळचा मित्र, हे त्या दीड इंचातून सगळ्यांना दिसत होतं.

मी उठलोच नाही. तिथेच बसून डग्लसला विचारलं, "किती?"

तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "एकशे पंधरा. मिस्टर केम्पर, मला वाटलं तुम्हाला..."

"पेटी?"

"दीडशे."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. इमेल्डा रोजानच्या हाताला धरून पायऱ्या उतरली. काळ्या कोटात ती आणखीच लहान दिसत होती. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या टेपकडे पाहिलं.

"किती जास्त आहे?"

"दीड इंच." मी टेप तिथेच टाकून उठलो. "इमेल्डा, मी त्याला शब्द दिला होता. पोती... पोती आणतो मी. गिरणी उघडी असेल."

"माझ्या नवऱ्याशेजारी पेंडीची पोती ठेवणार तू?"

"मग काय करू?"

"आला असतास तर कळलं असतं," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण पुढच्या रांगेतल्यांना ऐकू गेलं. मग तिने पर्स रोजानच्या हातात दिली. "तुझं वजन किती?"

"दोनशे दहा."

"माझं एकशे पस्तीस. चढ वर."

"मॉम!" रोजान म्हणाली.

"तू चाक धर. व्हर्न, आता बघत काय राहिलास? मला हात दे."

डग्लस पुढे आला, काहीतरी नियमाचं, विम्याचं बोलायला लागला. रस्ता मोकळा करायला आलेला शेरीफचा माणूस लहानपणी सिलच्या टँकरमागे सायकल मारत शाळेला गेलेला पोरगा होता. त्याने डग्लसच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघेही मक्याच्या शेताकडे तोंड करून उभे राहिले.

मी इमेल्डाला उचलून वर चढवलं आणि मग स्वतः चढलो. ती पेटीच्या डाव्या बाजूला बसली, मी उजव्या, चाकांच्या वर, हौद्याच्या पत्र्यावर पाठ टेकून. पाटे दबताना मला बुडाखाली कळले, सावकाश, दोन्हीकडे सारखे. पेटी पुढे कललेली होती ती सपाट झाली.

रोजानने खिडकीतून डोकं काढलं. "अंकल व्हर्न, बरोबर आहे का आता?"

मला आतून दिसत नव्हतं. डेअरीतल्या त्या टोपीवाल्याने खाली पडलेला माझा टेप उचलला, लावला, आणि मान हलवली.

गाडी निघाली. दफनभूमी गावाबाहेर सव्वा मैलावर आहे. ते सात लिटरचं इंजिन रोजानने इतकं हळू चालवलं की मागचे लोक चालत येऊ शकले असते, आणि काही जण आलेही. दोन्ही बाजूंना मका कापून झाला होता. इमेल्डाने एक हात पेटीवर ठेवला होता. मीही ठेवला.

"शेवटी शेवटी मी त्याला एकटीच उचलायचे," ती म्हणाली. "पलंगावरून खुर्चीत. तो म्हणायचा, व्हर्नला सांगू नकोस, चेष्टा करेल."

"केली नसती."

"केली असतीस. त्याला हवी होती चेष्टा. बाकी सगळे येऊन रडायचे."

मी म्हणालो, "मी पाट्यांचं काम करत होतो, इमेल्डा." हे बोलताना मलाच त्याची लाज वाटली, तरी बोललो.

"माहीत आहे. त्यालाही माहीत होतं. तो रागावला नव्हता, असं मी तुला सांगायला हवं का? तर नव्हता रागावला." ती रस्त्याकडे बघत राहिली. "पण शनिवारी सकाळी तो माझ्याकडून दाढी करून घ्यायचा. तू शनिवारी दुपारी दुकान बंद करतोस ना, म्हणून. पांढरा शर्ट घालायचा आणि खिडकीशी बसायचा. चार वाजले की म्हणायचा, आज काम जास्त असेल त्याला."

खडीचा रस्ता लागला, गाडी थोडी हलली, तेव्हा आम्ही दोघांनी पेटी दोन्ही बाजूंनी धरून ठेवली.

गाडी इमेल्डाने रोजानला दिली. ते पाटे मी उतरवून साधे चढवले. लोक अजूनही भेटले की म्हणतात, व्हर्न, त्या दिवशी सिलची गाडी काय उभी होती! मी मान हलवतो.

त्या आठ आठवड्यांत आठ शनिवार होते. मी ते मोजले आहेत. दुकानापासून त्याचं घर चार मैलांवर आहे.